संगणकाची मेमरी वाढवताना

घरातील संगणक चार-पाच वर्षांचा झाला, की तो मंदावल्याची तक्रार सुरू होते आणि तपासायला आलेला तंत्रज्ञ बहुधा एकच उपाय सुचवतो : 'रॅम वाढवा'. हा सल्ला पुष्कळदा योग्य असतो, पण नेहमीच नाही. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी थोडी शहानिशा केलेली बरी.

चालू असलेले प्रोग्रॅम आणि उघडलेल्या फाइल्स संगणक रॅममध्ये ठेवतो. ही जागा अपुरी पडली, की विंडोज त्यातील काही भाग डिस्कवर हलवते आणि गरज लागताच परत आणते. रॅममधून माहिती मिळण्यास सेकंदाचा साधारण एक कोट्यांश भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे एक शतांश सेकंद. हा फरक लाखपटीचा आहे. एका खिडकीतून दुसरीत जाताना संगणक अडखळतो, तो बऱ्याचदा या ये-जा करण्यामुळे.

म्हणून नेहमीची कामे चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. 'टास्क मॅनेजर'च्या 'परफॉर्मन्स' विभागात मेमरीचा वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर रॅम खरोखर कमी आहे. मेमरी निम्मी रिकामी असून डिस्क मात्र १०० टक्के व्यग्र असेल, तर रॅमवरचा खर्च वाया जाईल. तेथे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हाच उपाय. विंडोज ३२-बिट असल्यास ४ जीबीपलीकडची मेमरी तिला वापरताच येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मेमरीचा प्रकार आपल्या पसंतीने नव्हे, तर मदरबोर्डनुसार ठरतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. (बळजबरीने बसवणारे महाभागही असतात!) लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असल्याने वाढवता येत नाही. किती स्लॉट रिकामे आहेत, हेही बहुतेक वेळा टास्क मॅनेजरच सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र खरेदीस जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही कमी वेगानेच चालतात. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीची जोडी सहसा अधिक लाभदायक ठरते, कारण मदरबोर्डची दोन्ही चॅनेल वापरात येतात.

बसवण्याचे काम दहा मिनिटांचे. वायर काढून पॉवरचे बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी. पट्टी कडेनेच धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. संगणक सुरू करताच बीप वाजत राहिली, तर बहुधा पट्टी नीट बसलेली नसते. डीडीआर५ असल्यास पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी वीज बंद करण्याची घाई करू नये.