आपण पाहतो तो हरिश्चंद्र कोणता?

बडोद्याच्या मराठी कुटुंबांना दादासाहेब फाळके कधी परके वाटले नाहीत. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, कीर्ती मुंबईची आणि अखेर नाशिकची, हे खरेच. परंतु छायाचित्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांनी घेतले ते आपल्या कलाभवनात, ही गोष्ट येथील घराघरांत सांगितली जाते. म्हणूनच ‘राजा हरिश्चंद्र’ प्रथम व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर आणि आता संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध झाला, तेव्हा तो आपल्याकडे विशेष आस्थेने पाहिला गेला. चार रसिक एकत्र बसून तो पाहू लागले की चर्चाही रंगते. चित्र इतके स्वच्छ कसे झाले? पात्रे अशी लगबगीने का चालतात? हे संगीत कोणाचे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की आपण पाहतो आहोत तो १९१३ सालचाच हरिश्चंद्र आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले ते १८९० मध्ये. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा विषयांचे शिक्षण देशी भाषांतून द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले तरुण धुंडिराज फाळके याच सुमारास तेथे दाखल झाले आणि छायाचित्रण, मुद्रण, ओतकाम अशा अनेक विद्यांत रमले. गज्जरांनी त्यांची हुशारी हेरून त्यांना तिरंगी ठसे तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठवले, असे चरित्रकार सांगतात. पुढे फाळक्यांनी बडोद्यात छायाचित्रकाराचा व्यवसायही करून पाहिला. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, या तत्कालीन समजुतीमुळे गिऱ्हाइके बिचकत, अशीही हकिकत नोंदलेली आहे.

त्याच काळात राजा रविवर्मा यांनी सयाजीरावांसाठी रंगवलेली पौराणिक चित्रे बडोद्यात आली होती. हरिश्चंद्र-तारामतीचा विषय रविवर्म्यानेही हाताळला होता, आणि पुढे लोणावळ्याजवळच्या रविवर्मा मुद्रणालयात फाळक्यांनी शिलामुद्रणाचे काम केले. पौराणिक प्रसंग घराघरांत पोहोचवणाऱ्या छापील चित्रांपासून हलत्या चित्रांपर्यंतचा हा प्रवास बडोदे, रतलाम, लोणावळा, मुंबई असा झाला.

गज्जरांचे नाव येथे आणखी एका कारणाने आठवते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले होते. हे कृत्य आपले असल्याचे दामोदर चाफेकरांनी आत्मवृत्तात सांगितले आहे. तो डाग निघेना, तेव्हा अखेर गज्जरांनीच रासायनिक प्रक्रियेने तो काढून पुतळा पूर्ववत केला. फाळक्यांचे गुरू असे स्वतः जीर्णोद्धाराच्या विद्येत निष्णात होते. परंतु दगड आणि फीत यांत एक मोठा फरक आहे. पुतळ्यावरचा डाग गेला की खालचा पुतळा जसाच्या तसा असतो. फितीचा जो तुकडा नष्ट झाला, तो कितीही स्वच्छता केली तरी परत येत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आला. हरिश्चंद्र झाले होते दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि स्त्रिया मिळेनात म्हणून तारामती झाले होते अण्णा साळुंके. चित्रपटाची लांबी सुमारे ३७०० फूट, म्हणजे चार रिळे. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेला भाग सुमारे १४७५ फुटांचा, म्हणजे पहिले व शेवटचे रीळ एवढाच आहे. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो, शिकारीला निघतो, विश्वामित्राच्या यज्ञात विघ्न आणतो, इथपर्यंतची कथा आपल्याला दिसते. आणि मग एकदम अखेरचा प्रसंग येतो. राज्यदान, वनवास, विक्री यांपैकी बहुतेक सारा मधला भाग गेला आहे. प्रेक्षकाला कथा पाठ असल्यामुळे ही पोकळी जाणवत नाही, एवढेच.

आता पात्रांच्या लगबगीविषयी. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपल्या जात. बोलपटाच्या काळात हा वेग चोवीस चौकटींवर स्थिरावला. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे १४७५ फूट मूळ वेगाने दाखवले तर साडेचोवीस मिनिटे लागतात. नव्या वेगाने दाखवले तर तेच सव्वासोळा-साडेसोळा मिनिटांत आटोपते. कित्येक जुन्या प्रती अशाच नव्या वेगाने उतरवल्या गेल्या, आणि दाबके-साळुंके यांच्या अभिनयाला आपण हसलो. दोष अभिनयाचा नव्हता, यंत्राच्या वेगाचा होता. एखादी प्रत जीर्णोद्धारित आहे की नुसतीच धुऊन-पुसून काढलेली आहे, हे ओळखण्याची ही साधी कसोटी आहे. संगीताचेही तसेच. मूकपटाबरोबर थिएटरात पेटी-तबला प्रत्यक्ष वाजे; फितीवर ध्वनी नव्हताच. आज ऐकू येते ते नंतर कोणीतरी जोडलेले आहे.

सर्वांत अवघड प्रश्न सालाचा. मूळ चित्रपटाची प्रत एका गावाहून दुसऱ्या गावी बैलगाडीने नेताना जळाली, असे सांगितले जाते. फाळक्यांनी १९१७ मध्ये तीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली. आणि संग्रहालयातील दोन रिळे १९१३ची नसून या १९१७च्या चित्रपटाची असावीत, असे काही जाणत्या चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे वेष्टनावर ‘भारताचा पहिला चित्रपट, १९१३’ असे निःशंकपणे छापलेले आपण वाचतो, तेव्हा एका न मिटलेल्या वादाचा निकाल परस्पर लावून टाकलेला असतो. ज्याने स्वप्नातल्या वचनासाठी राज्य सोडले, त्या राजाच्या चित्रपटाबाबत तरी एवढी सैल वृत्ती शोभत नाही.

हे जे काही उरले, तेही कोणाच्या तरी जपणुकीमुळे उरले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली आणि तेथे पी. के. नायर यांनी जन्मभर शोधकार्य केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाचा मोठा भाग, ज्यात दादासाहेबांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली होती, त्यांच्याच प्रयत्नांमुळे आज पाहता येतो. भारतात मूकपट झाले तेराशेच्या वर. त्यांपैकी सलग पाहता येण्याजोगे उरले ते मोजकेच. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर एक प्रतही न ठेवता गेला. फितीतली चांदी काढून विकण्यासाठी कित्येक चित्रपट वितळवले गेले.

योगायोग असा, की मराठीचा पहिला बोलपटही हरिश्चंद्राचाच. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि साळुंक्यांच्या जागी तारामती म्हणून दुर्गा खोटे उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत समाज किती पुढे सरकला, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. हा चित्रपट सुदैवाने टिकला. परंतु ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्याच आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या अनेक चित्रपटांच्या मूळ प्रती भस्मसात झाल्या. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवलेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचले. पण मूळ फितीतला छायाप्रकाशाचा सूक्ष्म खेळ त्या नकलांत पूर्णपणे उतरत नाही. यापुढचे तंत्र कितीही प्रगत झाले, तरी त्या चित्रपटांचा जीर्णोद्धार नकलेवरूनच करावा लागणार.

मग जीर्णोद्धार कशाला म्हणावे? जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चे (१९२७) उदाहरण येथे उद्बोधक आहे. प्रदर्शनानंतर लवकरच त्याला कात्री लागली होती. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात त्याची जवळजवळ संपूर्ण, पण ओरखड्यांनी भरलेली १६ मिलिमीटरची प्रत सापडली. २०१०च्या आवृत्तीत ते प्रसंग जोडताना ओरखडे शक्य तेवढेच पुसले गेले. त्यामुळे जोडलेला भाग कोणता, हे कोणालाही ओळखता येते. जे मिळालेच नाही, तेथे काय घडत होते हे पाटीवर लिहून सांगितले आहे. याच्या अगदी उलट टोक म्हणजे आपल्याकडे २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून आणलेला ‘मुघल-ए-आझम’. तो लोकांना आवडला, त्यात वावगे काही नाही. पण ती नवी सजावट होती, जीर्णोद्धार नव्हे. पहिल्या पद्धतीत उणीव मान्य केली जाते, दुसरीत ती झाकली जाते.

आपल्या बैठकांत या विषयावर दोन पक्ष पडतात. ओरखडे जितके कमी तितके बरे, असे एकाचे म्हणणे. ओरखडे हाही इतिहासच, असे दुसऱ्याचे. दोहोंत तथ्य आहे. धूळ आणि बुरशी हे चित्रपटाचे अंग नव्हे, ते काढावेच. पण तुटलेली जागा, हरवलेले रीळ, संशयित साल हे मात्र वेष्टनावर आणि आरंभीच्या पाटीवर स्पष्ट सांगितले पाहिजे. रसिकाने मागणी करायची ती चकाकीची नव्हे, या खुलाशाची.

या प्रकरणात बडोदेकरांच्या वाट्याला येणारे एक कामही आहे. गायकवाडीत आलेल्या आपल्या पूर्वजांनी छायाचित्रणाची हौस मनसोक्त केली. काचेच्या पट्ट्या, लग्नमुंजींची ८ वा १६ मिलिमीटरची चित्रणे, ध्वनिमुद्रिका अजून कित्येक वाड्यांच्या माळ्यांवर असतील. घर विकताना, फ्लॅटमध्ये जाताना त्याच वस्तू प्रथम भंगारात जातात. अशी फीत सापडली तर ती हौसेने यंत्रावर चढवून पाहू नये. आकसलेली फीत पहिल्याच फेरीत तुटते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ॲसिटेटची फीत कुजू लागली आहे, असे समजावे. १९५०च्या आधीची ३५ मिलिमीटरची फीत नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही असू शकते. ती दिवा-शेगडीपासून दूर, थंड व हवेशीर जागी ठेवून जाणकारांना कळवावे. डब्यावर काय लिहिले आहे, कोणाकडून आले, कोण कोण त्यात दिसते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच कागदावर उतरवून ठेवावे. फाळक्यांच्या घरच्यांनी तुकडे सांभाळले म्हणून आज निदान ‘हा हरिश्चंद्र कोणता’ एवढा वाद तरी घालता येतो. जे भंगारात गेले, त्याच्याविषयी वाद घालण्याचीही सोय उरत नाही.