पत्रातली फातिमा

तारापूरचे आजोळचे घर आवरताना नानीच्या लोखंडी पेटीत नानांची पत्रे सापडली. जहाजावरच्या नोकरीतून लिहिलेली, उर्दूत. सलाम-दुआ झाली की एक मजकूर ठरलेला : मुलीच्या आजारपणात शेजारणीने तुला साथ दिली, तिला माझा सलाम सांग. त्या बाईचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पत्रातून कळले.

वाचताना सावित्रीबाई फुल्यांचे एक पत्र आठवले. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्या आजारपणामुळे माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावी होत्या. जोतीरावांना कळवतात की प्रकृती सुधारली, भावाने फार सेवा केली. हाच भाऊ महार-मांगांसाठी चाललेल्या कामाबद्दल दोघांना बोल लावतो. त्या त्याला ठणकावून उत्तर देतात, पण त्याच्या मायेबद्दल लिहायला विसरत नाहीत. आणि मध्येच फातिमाची काळजी : माझ्यावाचून तिला त्रास होत असेल, पण ती तक्रार करायची नाही, अशा अर्थाची. एवढेच. आडनाव नाही, ओळख नाही. घरच्या माणसाची ओळख घरच्या माणसाला कोण करून देतो?

जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे आपणच रचलेले पात्र आहे. तेव्हा अनेकांनी याच पत्राकडे बोट दाखवले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये छापले, त्यात ते आहे. चूक आपलीही आहे. आपण फातिमाची जन्मतारीख ठरवली, तिच्या तोंडी भाषणे घातली. ९ जानेवारी २०२२ ला गूगलने तिचे चित्र झळकवले, त्याचा आनंद मलाही झाला होता. पण मला त्या सगळ्यापेक्षा आजारी मैत्रिणीने काळजीने घेतलेले ते नुसते नाव भरवशाचे वाटते. ते कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी लिहिलेले नव्हते.

बोईसरला वर्गात मी हे पत्र उर्दूत समजावून सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मिस, फातिमानेही पत्र लिहिले असेल ना?"

घरी येऊन पेटी पुन्हा उघडली. नानांची चौतीस पत्रे होती. नानीचे एकही नव्हते.