बाण आणि कातळ

आमच्या चिपळूणकडे कोकणची गोष्ट बाणापासून सुरू होते. जिंकलेली पृथ्वी कश्यपाला दान केल्यावर परशुरामाला स्वतःला राहायला जागा उरली नाही. मग त्याने सह्याद्रीवरून बाण सोडला आणि समुद्र मागे हटवला. आजोबा पुरावाही दाखवत. देवघराच्या कोनाड्यात एक खरखरीत दगड असे, शंखशिंपल्यांचे तुकडे आत घट्ट बसलेला. ‘‘हा बघ. समुद्र इथवर होता की नाही?’’

दगड खोटं बोलत नव्हता. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून थोडा वर होता, त्याच्या खुणा किनाऱ्यावर सापडतात. पण त्याआधी हिमयुगात तो सुमारे १२० मीटर खाली होता आणि बर्फ वितळलं तसा चढत आला. माणसाच्या काळात समुद्राने जमीन दिली थोडी, गिळली फार.

पोथ्यांतही एकवाक्यता नाही. महाभारताच्या शांतिपर्वात सागर परशुरामाला जागा देतो ती शूर्पारकाची, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडची. परशुरामाने चितेपाशी माणसं शुद्ध करून चित्पावन ब्राह्मण घडवल्याची कथा सह्याद्रिखंडातली. ते स्कंदपुराणाचा भाग म्हणवतं. गर्सन द कुन्हा यांनी ते १८७७ साली मुंबईत छापलं. याउलट नाशिकच्या लेण्यातला उषवदात या दात्याचा शिलालेख जवळपास १९०० वर्षांचा. त्यात शूर्पारकातलं रामतीर्थ येतं आणि ३२,००० नारळींचं दानही. बाणाचा उल्लेख नाही. इतिहासासाठी मला ही नारळीची झाडं जास्त भरवशाची वाटतात.

समुद्र हटला की नाही, यापेक्षा मला दुसरी गोष्ट सलते. कथेतली जमीन कोरी असते, तिच्यावर आधीचं कुणीच नसतं. अशा कथेला सातबारा मानलं, की आधीची माणसं उताऱ्यावरून गळतात. आमच्याच जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर जा. कातळात एक अवाढव्य हत्ती कोरलाय, त्याच्या अंगात इतर प्राण्यांची गर्दी. जिल्ह्यात इतरत्र गेंडाही कोरलेला आहे, आणि कोकणात आज गेंडा नाही! ही चित्रं काढणारी माणसं बहुधा कुठल्याही पोथीच्या कितीतरी आधीची. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तरी सड्यांवर चिऱ्याच्या खाणी सुरूच आहेत. त्या लोकांनी मागे ठेवलेला एकच ग्रंथ हा कातळ आहे, आणि तो आपण चिरे पाडून विकतो आहोत.