गलबताचा बाजारहाट

आमचे एक डॉक्टर मित्र आहेत. आठवडाभर रुग्ण तपासतात आणि रविवारी कुलाब्याच्या समुद्रात शिडाची छोटी होडी घेऊन जातात. गेल्या वर्षी पावसाळा ओसरला तसा त्यांचा फोन आला, "बोट पाण्यात उतरवायची आहे. थोडी खरेदी आहे. येता का?" कवीला नाही म्हणायला कारण लागतं, हो म्हणायला लागत नाही. गेलो.

मला वाटलं होतं, मुंबईसारख्या बंदराच्या शहरात बोटीच्या सामानाचं एखादं मोठं दुकान असेल. यादी द्यायची, चहा प्यायचा, पिशव्या उचलायच्या. तसं काही झालं नाही. सकाळी दहाला मस्जिद स्टेशनवर उतरलो ते संध्याकाळपर्यंत चालतच होतो. नागदेवी स्ट्रीटला एका बोहरी व्यापाऱ्याच्या दुकानात गंज न लागणाऱ्या कड्या आणि कप्प्या मिळाल्या. दोरासाठी नारायण धुरू स्ट्रीट. तिथल्या माणसानं वर न बघता विचारलं, "लिफ्टसाठी की क्रेनसाठी?" डॉक्टर म्हणाले, "शिडासाठी." त्यानं हातातली वही मिटली, आमच्याकडे नीट पाहिलं आणि दोन खुर्च्या मागवल्या. नांगर पाहायला रे रोडला उतरून दारूखान्यात गेलो. एकेकाळी बंदुकीच्या दारूचं कोठार असलेला हा भाग पुढे जहाजं मोडण्यासाठी आणि भंगारासाठी प्रसिद्ध झाला. साखळ्या, गोल खिडक्या, पितळी दिवे असा मेलेल्या बोटींचा संसार जिवंत बोटींसाठी विकायला मांडलेला. शीड मात्र डॉक्टरांनी परदेशातून मागवलं होतं.

परतताना ते सहज म्हणाले, "पूर्वी हे सगळं कुठं घेत असतील हो?" या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी माझ्याच गावात येऊन पोचलो.

मी भिवंडीचा. भिवंडी म्हटलं की लोकांना दोनच शब्द आठवतात, यंत्रमाग आणि दंगल. दोन्ही खरे आहेत. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी आमच्या गावात दंगल पेटली, १९८४ मध्ये पुन्हा. ज्यांचा जन्म त्या सुमाराचा, त्यांनी गावाची ओळख याच दोन शब्दांतून करून घेतली. तिसरा शब्द आम्हाला कुणी शिकवलाच नाही. तो शब्द गोदी. शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली गलबतं ज्या तीन-चार ठिकाणी बांधली गेली, त्यांत भिवंडी होती.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली. दोन वर्षं होण्याआधीच, ऑगस्ट १६५९ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीजांनी आपल्या राजाला कळवलं की शहाजीच्या मुलानं वसई-चौलकडचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल या बंदरांत तो लढाऊ नावा बांधतो आहे. शेजाऱ्यानं केलेल्या या कागाळीमुळेच आमच्या गावाचं नाव आरमाराच्या इतिहासात पक्कं नोंदलं गेलं.

पण इथंच का? खाडी होती, हे निम्मं उत्तर झालं. खाड्या कोकणात पावलोपावली आहेत. उरलेलं उत्तर बाजाराचं आहे. गलबत म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. सांगाड्याला आणि फळ्यांना साग लागतो. डोलकाठीला सरळ वाढलेलं लांब झाड लागतं. खिळे लागतात, नांगराला लोखंड लागतं. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासावा लागतो; खलाशी याला कालापत्ती म्हणत. वरून राळ. तळाला चुना आणि चरबीचा लेप, नाहीतर लाकूड पोखरणारा किडा दोन-चार वर्षांत चाळण करतो. पाण्यावरच्या लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल, ज्याच्या वासानं नवख्या माणसाला बंदरात पाऊल टाकवत नसे. मग दोर, आणि दोर एक नव्हे: नांगराचा जाड, शिडाचा मध्यम, बांधाबांधीचा बारीक. शेवटी शिडाचं कापड. आणि हे सगळं एकदाच घेऊन भागत नाही. दर पावसाळ्यात गलबत ओढून किनाऱ्यावर शाकारायचं आणि दर दसऱ्याच्या आसपास पुन्हा बाजार करायचा. म्हणून गलबतवाल्याला बंदर जेवढं जवळ हवं तेवढाच बाजारही जवळ हवा.

कल्याण-भिवंडीच्या काठाला हा बाजार फार जुना. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशानं कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद केली आहे: तांबं, लाकडाचे ओंडके आणि कापड. गलबताच्या यादीतल्या दोन वस्तू तर इथंच आल्या. साग वाडा-शहापूरकडच्या रानातून उतरायचा. पोर्तुगीज वसईत १५३४ ला आले आणि १७३९ पर्यंत राहिले, ते काही नुसत्या हवेसाठी नव्हे. वसईमागच्या या जंगलांचं लाकूड थेट गोव्याच्या इमारतींना आणि जहाजांना जात असे.

काथ्याचा दोर दक्षिणेतून यायचा. मलबार, लक्षद्वीप, मालदीव ही त्याची माहेरघरं. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूतानं मालदीवच्या काथ्याचं कौतुक करून ठेवलं आहे. हा दोर भारत, चीन आणि येमेनला जातो, तागाच्या दोरापेक्षा सरस असतो आणि त्यानं भारत-येमेनकडच्या नावांच्या फळ्या शिवतात, असं तो सांगतो. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि ताण आला की थोडा लवचतो. शिंपी कपडा शिवतो तशी शिवलेली नाव! मला यात काव्य दिसतं. खलाशाला त्यात एवढंच दिसत असणार की खडकाला टेकली तर ती फुटायच्या आधी जराशी दबते.

या सामानाची किंमत राज्यकर्त्यांना नीट कळली होती. पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय समुद्रात नाव घालता येत नसे आणि त्या परवान्यात कोणता माल न्यायचा नाही हेही लिहिलेलं असे. मिऱ्यांवर निर्बंध असणं समजू शकतं; पण लोखंड आणि लाकूडही त्यांच्या नजरेत होतं. ज्याला आरमार उभारू द्यायचं नाही त्याचा वाणसामानाचा रस्ता बंद करा, इतका साधा हिशेब.

बाजारात न मिळणारी एक गोष्ट म्हणजे कसब. युरोपीय धाटणीची नाव बांधायची तर तो कारागीर हवा. महाराजांनी रुय लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीजाला आणि त्याच्या माणसांना या कामावर लावलं होतं. वसईच्या अधिकाऱ्यांना सुगावा लागला. उद्या हीच गलबतं आपल्यावर येतील, असं त्यांनी व्हिएगसला समजावलं, आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. काम मात्र थांबलं नाही. स्थानिक सुतार-लोहारांच्या आणि कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दींच्या हातांनी आरमार वाढत गेलं. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांना त्रस्त करून सोडणाऱ्या या आरमाराच्या अधिकाऱ्यांत दौलतखान होता आणि मायनाक भंडारीही होता. आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत 'नाखवा' हा शब्द अजून आहे. फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, त्याचं हे घरगुती रूप. माझी दादी हट्टी पोराला दटावताना म्हणायची, "मोठा नाखवा लागून गेलास!" शब्द कुठून आला हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही, पन्नाशी येईपर्यंत.

खरेदीचं सर्वांत विलक्षण टिपण सापडतं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमाराचं. आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याचे नियम त्यात घालून दिले आहेत. आपल्या रानातला साग हवा तर आधी हुजुरास लिहून परवानगी घ्या आणि मगच तोडा. त्याखेरीज लागेल ते परमुलखातून विकत आणा. आंबा आणि फणस ही लाकडंही नावेच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही. रयतेनं ती झाडं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे मोजून मगच घ्यायचं. आरमार म्हणजे राज्याचं एक स्वतंत्र अंग मानणारं राज्य, पण आंब्याच्या झाडापाशी ते गिऱ्हाईक होऊन उभं राहतं, आणि विकायचं की नाही हे मालक ठरवतो. शिवजयंतीला भाषणं पुष्कळ ऐकली. हा परिच्छेद वाचून दाखवताना कुणाला ऐकलं नाही.

पुढे बाजार सरकला. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये तिथं सुकी गोदी झाली, आणि मलबारी सागाची जहाजं मुंबईत उतरू लागली. त्यांतलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. गोदीबरोबर तिची दुकानदारी आली. काळा घोड्याजवळच्या रोपवॉक लेनला ते नाव दोर वळणाऱ्यांमुळे पडलं. दोर वळायला लांबच लांब सरळ वाट लागते, तीच पुढे गल्ली झाली. डोंगरीच्या बाजारातल्या जाड्याभरड्या कापडाची शिडं होत, खलाशी त्याचेच कपडे शिवत. 'डंगरी' हा इंग्रजीतला शब्द या डोंगरीवरूनच गेला असं मानतात. जहाजाच्या धंद्यात कोकणी मुसलमानही होते. सर जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार महंमद अली रोगे हे त्यांतलं ठळक नाव.

आमच्या खाडीकडे मात्र गिऱ्हाईक येईनासं झालं. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. जो माल भरतीची वाट बघत बसायचा तो गाडीत बसून गेला. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले, हातमाग आले, मग यंत्रमाग. कापडाचं गाव आणखी कापडाचं झालं, पण शिडाचं कापड इथं विणताना मी तरी पाहिलं नाही. लहानपणी कशेळीच्या पुलावरून मला रेतीच्या होड्या दिसायच्या. एखादीवर ठिगळाठिगळांचं मळकं शीड असे. खाडीत मी पाहिलेलं शेवटचं शीड तेच. कोळी बांधवांनी इंजिन बसवलं, जाळी नायलॉनची झाली, आणि बाजाराच्या यादीत राळेच्या जागी डिझेल आलं.

मे २०२५ मध्ये नौदलानं 'कौंडिण्य' नावाचं जहाज कारवारला आपल्या ताफ्यात घेतलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या नावेवरून ते गोव्यात बांधलं, फळ्या काथ्याच्या दोरानं शिवून. केरळचे बाबू शंकरन हे ते शिवणारे मुख्य कारागीर. बातमी वाचली आणि मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "इब्न बतूताची नाव पुन्हा शिवली हो!" ते म्हणाले, "मला आधी त्यांच्या दोरवाल्याचा पत्ता द्या."

या वर्षी त्यांनी मला खरेदीला बोलावलं नाही. दोर त्यांनी मोबाइलवर मागवला, दोन दिवसांत घरपोच आला. नंतर भेटले तेव्हा रिकामं खोकं मुद्दाम सोबत घेऊन आले होते आणि त्यावरचा पत्ता मला दाखवत होते. भिवंडी तालुक्यातलं, खाडीकाठच्या गावातलं गोदाम. अर्ध्या मुंबईचा माल आता या गोदामांतून जातो; कशेळी-काल्हेरपासून नाशिक रस्त्यापर्यंत त्यांच्या पत्र्याच्या रांगा आहेत.

मी विचारलं, "दोर कसा आहे?"

"चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त माप देताना मी चुकलो. दोन हात कमी पडला."