खांब स्पष्ट, गडी पुसट

सदाशिव पेठेतला आमच्या ओळखीचा एक वाडा गेल्या वर्षी पाडायला निघाला. माळ्यावरचे सामान खाली आले तेव्हा तिथल्या आजोबांनी आम्हांला हाक मारली. पत्र्याच्या पेटीत एक छायाचित्रसंग्रह, काळ्या खोक्यासारखा एक कॅमेरा आणि चावीचा ग्रामोफोन असा ऐवज होता. आजोबा 1960 च्या सुमारास शाळेच्या आणि पुढे पेठेतल्या एका संघाकडून खो-खो खेळत. संग्रहात त्या दिवसांची वीस-पंचवीस छायाचित्रे होती. त्यांपैकी एक सोडून बाकी सगळी एकाच घाटाची: मागे उभे खेळाडू, पुढे खुर्च्यांवर मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षक, मध्ये ढाल आणि पायाशी वर्ष लिहिलेली पाटी. खेळाडू आहेत, खेळ मात्र कुठेच नाही.

उरलेले एक छायाचित्र आजोबांनी जरा संकोचानेच दाखवले. पाटीवर बसलेले गडी स्पष्ट, खांब स्पष्ट, आणि खांबाला वळसा घालणारा खेळाडू मात्र धुराच्या लोटासारखा. "हे बिघडलेलं. पण फेकवत नाही," ते म्हणाले. या बिघडलेल्या चित्राने आमचे दोन महिने खाल्ले, आणि त्या निमित्ताने धावत्या माणसाचे छायाचित्र घेण्याचा इतिहासही आम्ही पुन्हा चाळला. शाळेच्या क्रीडामहोत्सवात हाती कॅमेरा पडणाऱ्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल असे वाटते.

मूळ अडचण साधी आहे. काचेवर वा फिल्मवर प्रतिमा उमटायला ठरावीक प्रकाश पडावा लागतो. प्रकाश पडत असताना समोरची वस्तू हलली की तिची प्रतिमाही सरकते आणि पुसट होते. ओल्या कलोडियनच्या काचा 1851 पासून वापरात आल्या. त्यांवर चांगल्या उन्हातही सेकंदांच्या हिशेबात प्रकाश द्यावा लागे. त्या काळच्या माणसांचे चेहरे इतके गंभीर का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. हसू तेवढा वेळ टिकत नाही.

त्याच 1851 साली इंग्लंडमध्ये टॅल्बटने एक विलक्षण प्रयोग केला. फिरत्या चकतीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला, खोलीत अंधार केला आणि लेडन बरण्यांमधली वीज एका ठिणगीत मोकळी केली. ठिणगी इतकी अल्पजीवी की चकती जणू थबकली. पुढे 1930 नंतर अमेरिकेत एजर्टन यांनी या कल्पनेतून वारंवार चमकणारा विजेचा दिवा घडवला. पण मोकळ्या मैदानावर या वाटेचा फारसा उपयोग नाही. अंतर दुप्पट झाले की दिव्याचा प्रकाश चौथाईवर येतो आणि वर सूर्य असतोच; त्याला विझवता येत नाही. मैदानावर प्रकाश तोडायचा तर तो कॅमेऱ्याच्या झडपेनेच.

ही झडप म्हणजे शटर. जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला 12 कॅमेरे रांगेत लावले. घोडीच्या पायांनी आडवे दोरे तुटत आणि एकेका कॅमेऱ्याची झडप पडे. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्यातून दिसले. मागचा पडदा पांढरा ठेवला होता, तरी घोडी बहुतेक काळ्या सावलीसारखीच उमटली. 1882 साली फ्रान्समध्ये मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. तो सेकंदाला 12 चित्रे टिपत असे, प्रत्येक सुमारे सातशेविसांश सेकंदात. दोघांनाही सामन्याचे कौतुक नव्हते. त्यांना चाल समजून घ्यायची होती.

मैदानासाठी खरी महत्त्वाची युक्ती जर्मनीतल्या आन्शुट्झ यांची. भिंगाजवळची झडप कितीही चपळ केली तरी तिची पाती उघडायला-मिटायला वेळ जातोच. त्यांनी झडप काचेच्या अगदी पुढ्यात नेली. कापडी पडद्याला एक अरुंद फट, आणि ती फट काचेवरून झरकन सरकायची. पडद्याचा वेग तोच ठेवून फट निम्मी केली की प्रत्येक बिंदूला निम्मा वेळ प्रकाश मिळतो. 1888 साली त्यांनी या झडपेचे एकस्व घेतले. हजारांश सेकंद आता हातातल्या कॅमेऱ्यात आला.

पण फुकट काही मिळत नाही. फट काचेच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जाईपर्यंत समोरचे दृश्य थांबत नाही. म्हणजे चित्राचा एक भाग आधीचा, दुसरा नंतरचा! फ्रान्समधल्या लार्तीग या तरुणाने 1912-13 च्या सुमारास एका मोटारशर्यतीचे छायाचित्र घेतले. त्यात मोटारीचे चाक पुढे झुकलेली लंबवर्तुळे झाले आहे आणि प्रेक्षक मागे कलले आहेत. त्याने कॅमेरा मोटारीबरोबर फिरवला, पण पुरेसा वेगाने नाही. हा सारा सरकत्या फटीचा खेळ. आजच्या मोबाइल फोनमध्ये कापडी पडदा नाही, तरी दोष तोच. तिथे प्रतिमेच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात, म्हणून जोरात फिरवलेली बॅट धनुष्यासारखी वाकलेली दिसते. वर्गातल्या छताच्या पंख्याचा फोटो काढून पाहा, पाती तलवारींसारखी वळलेली दिसतील.

आपल्याकडे काय चालले होते? मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1896 साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिली आणि पुढे विलायतेहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. एका मराठी माणसाने खेळ चालू असताना टिपलेले हे आम्हांला माहीत असलेले सर्वांत जुने चित्रण. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. कुस्तीची ती फिल्म आज उपलब्ध नाही. गंमत अशी की चलच्चित्राला झडपेची एवढी फिकीर नसते. एकेक चित्र थोडे पुसट असले तरी डोळा ते खपवून घेतो. सुट्या छायाचित्राला ही सवलत नाही.

आणि म्हणूनच त्या काळी खेळाचे 'सुटे' छायाचित्र बहुधा मांडून घेतलेले असे. बेल्डम या इंग्लिश क्रिकेटपटूने 1905 सालच्या पुस्तकात व्हिक्टर ट्रंपर पुढे झेपावताना दाखवला आहे. चित्र अस्सल गतीचे आहे, पण सामन्यातले नाही. सामन्यात इतक्या जवळ कॅमेरा कोण उभा करू देणार? पुण्यात डिसेंबर 1948 मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. हा आकडा पाठ असलेले पुष्कळ भेटतात. ते फटके कसे होते हे आकड्यातून कळत नाही. खो-खोचे तर त्याहून कठीण. 1914 साली डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. तेव्हापासून निदान दोन पिढ्यांचे कौशल्य केवळ ऐकीव आहे. कोण कशी हूल देत असे, साखळी कशी खेळे, सूर किती लांबून मारी, हे सांगणारे गेले की संपले.

आता हिशेब करू. खेळाडू सेकंदाला 6 मीटर धावतो आहे आणि त्याची प्रतिमा खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढी पडते आहे. म्हणजे फिल्मवर प्रतिमा सेकंदाला 60 मिलिमीटर सरकते. एकशेपंचविसांश सेकंदात ती सुमारे अर्धा मिलिमीटर सरकेल, आणि ते लगेच खुपते. सरकणे 0.03 मिलिमीटरच्या आत ठेवायचे तर दोनहजारांश सेकंद हवा. तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश मिळवायला मोठ्या तोंडाचे भिंग किंवा तीव्र संवेदनशील फिल्म लागते. शिवाय आपले सामने भरतात शाळा सुटल्यावर, जेव्हा ऊन उतरलेले असते. 1925 साली बाजारात आलेला लायका, 1954 ची ट्राय-एक्स फिल्म, 1985 पासून स्वतःच रोख साधणारी भिंगे, 1999 चा निकॉनचा अंकीय कॅमेरा ही सारी याच ओढाताणीतली पावले. आजचा साधा फोनही दुपारच्या उन्हात दोनहजारांश सेकंद सहज देतो. संध्याकाळी मात्र तोही हात आखडता घेतो, आणि आपल्याला न विचारता!

परंतु हिशेबाला दुसरी बाजू आहे. हाच खेळाडू दहा मीटरांवरून सरळ कॅमेऱ्याकडे येत असेल, तर एकशेपंचविसांश सेकंदात त्याची प्रतिमा फक्त अर्धा टक्का मोठी होते. कडा जेमतेम 0.04 मिलिमीटर सरकतात. तीच झडप, तोच वेग, आणि दोष बारा पटींनी कमी. जुने छायाचित्रकार धावपट्टीच्या बाजूला उभे न राहता टोकाशी का उभे राहत, ते इथे कळते. उडी मारणारा सर्वांत वरच्या बिंदूशी क्षणभर वर-खाली हलत नाही. कॅमेरा खेळाडूबरोबर फिरवला तर खेळाडू स्पष्ट येतो आणि मागची गर्दी पुसट होते.

खो-खो तर या बाबतीत छायाचित्रकाराचा मित्रच आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय त्याला उलटे फिरता येत नाही, आणि मध्यपाटीही ओलांडता येत नाही. पळणारा कुठेही जाईल, पण पाठलाग करणारा खांबाकडे येणार हे जवळजवळ ठरलेले. तेव्हा खांबाच्या रेषेत, सीमारेषेबाहेर बसावे, रोख आधीच खांबावर साधून ठेवावा आणि वाट पाहावी. आपण 'दिसले' म्हणून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात खेळाडू सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून दिसण्याआधी दाबायचे. हे ज्याला खेळ कळतो त्यालाच जमते. नवा कॅमेरा घेण्यापेक्षा चार सामने नुसते बघावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. (ते ऐकत नाहीत.) जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्याची चित्रणे हवी तेवढी आहेत; पण आपल्या तालुक्याच्या सामन्याची नाहीत, आणि ती आपणच घ्यायची आहेत.

आता आजोबांच्या चित्राकडे वळू. पुसटपणा म्हणजे दोष, पण मोजता आला तर तीच नोंद. खांब सुमारे 120 सेंटीमीटर उंच. मूळ आकाराच्या प्रतीवर तो 12 मिलिमीटर भरला. म्हणजे चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे मैदानावरचे 10 सेंटीमीटर. धावणाऱ्याच्या कमरेपाशी पुसट पट्टा दीड मिलिमीटरने वाढलेला, म्हणजे झडप उघडी असताना तो 15 सेंटीमीटर सरकला. किती वेळात, हे कळले की वेग हाती.

खोका-कॅमेऱ्याच्या झडपेवर आकडा नसतो. म्हणून ग्रामोफोन कामी आला. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी सेकंदाला 468 अंश फिरते. (चावी दिल्यावर प्रथम फेरे मोजून खात्री केली.) काळ्या तबकडीवर पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी चिकटवली आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म घालून उन्हात चित्रे घेतली. एका गुंडाळीत आठच बसतात, तेव्हा हात सांभाळून. पट्टीचा पंखा सरासरी 16 अंशांचा आला, म्हणजे झडप सुमारे एकोणतिसांश सेकंद उघडी राहते. पंधरा सेंटीमीटर गुणिले 29: सेकंदाला साडेचार मीटरांच्या किंचित खाली.

आम्ही उत्साहाने आकडा घेऊन गेलो. आजोबा नाराज झाले. "तो? साडेचार? अरे, त्याला कुणी खांबावर कधी टिपलं नाही!" आम्ही सांगितले की हा वेग कॅमेऱ्याला आडवा असलेला तेवढाच, वळसा घालताना तो तिरका असणार, म्हणून खरा वेग याहून कमी नाही, जास्तच असेल. शिवाय साठ वर्षांत झडपेची स्प्रिंग सैल पडली असणार. तेव्हा ती चाळिसांश सेकंदात मिटत असली, तर वेग सेकंदाला 6 मीटर निघतो. वळणावर एवढा वेग फार झाला, असे आम्हांला वाटते. आजोबांना वाटत नाही.

मग त्यांनी भिंग डोळ्यापाशी धरून चित्र बराच वेळ पाहिले आणि खांबापासून तिसऱ्या, पाटीवर बसलेल्या स्पष्ट मुलावर बोट ठेवले. "हा मी. खो मिळायची वाट बघतोय." त्याच कॅमेऱ्याने, त्याच दिवशी आठ चित्रे घेतली होती. उरलेली सात एका मित्राच्या घरी असावीत, नारायण पेठेत. तोही वाडा अजून उभा आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.