शेकोऊ औद्योगिक क्षेत्र

चीनच्या क्वांगटुंग (ग्वांगदोंग) प्रांतात परकीय भांडवल आकृष्ट करण्यासाठी १९७९ मध्ये स्थापन झालेले, त्या देशातील अशा प्रकारचे पहिले औद्योगिक क्षेत्र. ते पर्ल नदीच्या मुखाच्या पूर्वेस नानटाऊ द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावर असून समोर उपसागरापलीकडे हाँगकाँगचा भूभाग आहे. पुढे ते शेन्जेन विशेष आर्थिक क्षेत्राचा भाग बनले.

पार्श्वभूमी : सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सीमेच्या दोन बाजूंतील उत्पन्नाची तफावत इतकी मोठी होती, की पावआन तालुक्यातील हजारो तरुण जीव धोक्यात घालून, प्रसंगी पोहून हाँगकाँगला जात. हाँगकाँगमध्ये भांडवल व बाजारपेठेशी संबंध होते. परंतु जमीन आणि मजुरी महाग होती. चीनच्या किनाऱ्यावर नेमकी उलट स्थिती होती. ही दोन्ही बलस्थाने एकत्र आणण्याची कल्पना १८७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘चायना मर्चंट्‌स’ या जुन्या जहाज कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातून पुढे आली. तिचे प्रमुख सूत्रधार युआन गंग (१९१७–२०१६) हे पावआनचेच रहिवासी होत. ३१ जानेवारी १९७९ रोजी ली शिएन-न्येन यांनी या योजनेस संमती दिली. त्यांनी जवळजवळ संपूर्ण द्वीपकल्प देऊ केले असता युआन यांनी केवळ २·१४ चौ. किमी. जागा स्वीकारली.

गुंतवणुकीची साधने : शासनाकडून भांडवल न मागता युआन यांनी दोन अधिकार मागून घेतले : ५० लाख डॉलरपर्यंतचे औद्योगिक प्रकल्प स्वतः मंजूर करणे आणि परदेशी बँकांकडून कर्ज काढणे. अनेक खात्यांचे उंबरठे झिजविण्याऐवजी एकाच कार्यालयात निर्णय मिळणे, हे गुंतवणूकदारांना करसवलतीइतकेच महत्त्वाचे वाटे. कारखान्यांना निमंत्रण देण्यापूर्वी टेकड्या फोडून जमीन सपाट करण्यात आली आणि पाणी, वीज, रस्ते, धक्का व दूरसंचार यांची सोय करण्यात आली. २६ ऑगस्ट १९८० रोजी मंजूर झालेल्या क्वांगटुंग प्रांताच्या विशेष क्षेत्रविषयक नियमांनी उद्योगांचा प्राप्तिकर १५ टक्के ठरविला. हा दर तत्कालीन हाँगकाँगमधील दरापेक्षा किंचित कमी होता. उत्पादनासाठी आयात होणारी यंत्रे व कच्चा माल यांना जकात माफ होती. मात्र येईल तो उद्योग घ्यावयाचा नाही, असेही धोरण होते. जीर्ण यंत्रसामग्री व निवारण न होणारे प्रदूषण यांना नकार दिला जाई. डॅनिश कंपनीच्या भागीदारीत १९८० मध्ये येथे स्थापन झालेला मालपेट्यांचा (कंटेनर) उद्योग नव्वदीच्या दशकात जगात अग्रेसर ठरला.

वाद : धक्क्याच्या बांधकामावर १९७९ मध्ये ठराविक खेपांपलीकडील प्रत्येक खेपेस ४ फेन (युआन या चलनाचा शंभरावा भाग म्हणजे १ फेन) अधिक मजुरी देण्यात आली व काम झपाट्याने वाढले. समान वेतनाच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून एप्रिल १९८० मध्ये ती थांबविण्यात आली. हू यावबांग यांनी लक्ष घातल्यानंतर त्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली. रक्कम क्षुल्लक होती. परंतु समाजवादी व्यवस्थेत अधिक श्रमाला अधिक मोबदला असावा काय, हा प्रश्न तिने ऐरणीवर आणला. दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा होता. एकोणिसाव्या शतकातील परकीय वसाहतींच्या कटू स्मृतीमुळे टीकाकारांना अशा क्षेत्रांत त्यांचेच पुनरुज्जीवन दिसे. वस्तुतः येथे भूमी, न्याय व जकात यांवरील अधिकार चीनकडेच राहिला, हा मूलभूत फरक होय. जानेवारी १९८४ मध्ये डंग झियाओपिंग यांनी शेकोऊला भेट देऊन या धोरणास पाठिंबा दर्शविला. ‘वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन’ हे येथील घोषवाक्य त्यानंतर देशभर पोहोचले. त्याच वर्षी किनाऱ्यावरील १४ शहरे परकीय गुंतवणुकीस खुली झाली.

मूल्यमापन : शेकोऊचे यश केवळ करसवलतींचे नव्हते. हाँगकाँगचे सान्निध्य, पूर्वतयार सोयी व निर्णयाचे स्थानिक स्वातंत्र्य यांचा तो संयुक्त परिणाम होता. म्हणूनच केवळ सवलतींचे अनुकरण करणाऱ्या इतर क्षेत्रांना तसे फळ मिळालेच असे नाही. आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र भारतात कांडला येथे १९६५ मध्येच सुरू झाले होते आणि मुंबईतील सांताक्रूझचे १९७३ मध्ये. तरी २००० सालच्या भारतीय विशेष आर्थिक क्षेत्र धोरणापुढे चीनचा आदर्श होता. या विकासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नोव्हेंबर १९९३ मध्ये शेन्जेनच्या पूर्व भागातील एका खेळणी कारखान्यास आग लागून ८७ कामगार मृत्युमुखी पडले. तेथील दारे व खिडक्या बंद करण्यात आल्या होत्या. भांडवल आणण्याची घाई आणि श्रमिकांची सुरक्षितता यांतील अंतर या दुर्घटनेने उघड केले.

१९९० मध्ये शेकोऊचा समावेश शेन्जेनच्या नव्या नानशान जिल्ह्यात झाला व कंपनीकडील प्रशासकीय अधिकार संपुष्टात आले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या क्वांगटुंग मुक्त व्यापार क्षेत्रात त्याचा अंतर्भाव करण्यात आला.