तळटीप : व्यक्तिकेंद्री शुश्रूषा
* व्यक्तिकेंद्री शुश्रूषा : आजाराआधी माणूस पाहा, हा ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांचा आग्रह. स्मृतिभ्रंशावरचे त्यांचे ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या स्मृतिभ्रंशावरील २०१८च्या मार्गदर्शिकेत हाच दृष्टिकोन ठोस सूचनांमध्ये उतरला आहे. रुग्णाच्या सेवांचा मेळ घालण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर हवी. रुग्ण ओरडू लागला, अंगाला हात लावू देईना, की आधी कारण शोधायचे: दाढ ठणकते आहे का, लघवी तुंबली आहे का, भोवती गोंगाट आहे का? अँटिसायकोटिक औषधे इजेचा धोका किंवा तीव्र त्रास असेल तरच द्यायची, तीही कमीत कमी मात्रेत. आणि किमान दर ६ आठवड्यांनी त्यांचा फेरविचार करायचा.

शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनाही प्रशिक्षण देऊ करावे, असे ही मार्गदर्शिका सांगते. — संपा.